पुण्याच्या भुरीचा एडमंटनमधील पहिला हिवाळा

आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्याहून कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एडमंटन शहरात राहायला आलो, तेव्हा पाच वर्षांची भुरी ही आमची गावठी कुत्रीही बरोबर होती. यजमानांच्या नोकरीचे पत्र मार्चमध्ये हाती आले आणि त्या दिवसापासून घरी येणारा प्रत्येक जण "कुत्रीचं काय करणार?" असे विचारू लागला. तिला सोडून जायचे नाही, हे ठरलेलेच होते. मात्र डिसेंबरच्या पहाटे पुण्याचा पारा दहाच्या खाली गेला की जी अंगाचे वेटोळे करून पलंगाखाली शिरते, ती उणे तीसमध्ये कशी तग धरेल, या काळजीला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शोधायला गेल्यावर जी माहिती मिळाली ती बहुतेक हस्की, लॅब्रॅडॉर अशा जातींसाठी लिहिलेली होती. आपल्या गावठी कुत्र्यांची चण सडपातळ, केस आखूड आणि त्यांच्याखालची ऊबदार लव अगदी विरळ असते. उष्ण प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या घडलेले ते शरीर आहे. असे कुत्रे घेऊन थंड देशात निघालेल्या कुटुंबांना उपयोग व्हावा, म्हणून आमचा अनुभव क्रमाने लिहीत आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करते, कारण हिवाळ्याचे नियोजनही तेथूनच सुरू होते. आमच्या वेळच्या नियमांनुसार आठ महिन्यांहून मोठा पाळीव कुत्रा मालकाबरोबर कॅनडात येत असेल, तर रेबीजच्या लसीचे वैध प्रमाणपत्र पुरेसे होते आणि पोहोचल्यावर विलगीकरणात ठेवण्याची अट नव्हती. मात्र २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासह रेबीजचा धोका अधिक असलेल्या देशांतून 'व्यापारी' गटातील कुत्री आणण्यास तेथे बंदी आहे, आणि दत्तक देण्यासाठी पाठवलेली कुत्रीही या गटात धरली जातात. म्हणून कुत्रे आपल्याच नावावर असल्याचे जुने कागद जवळ ठेवावेत आणि शक्यतो त्याच विमानाने प्रवास करावा. अमेरिकेत जाणाऱ्यांनी, किंवा तेथे विमान बदलणाऱ्यांनी, वेगळी चौकशी करावी, कारण १ ऑगस्ट २०२४ पासून तेथील नियम बरेच कडक झाले आहेत.

लसीच्या प्रमाणपत्रात कुत्र्याची जात, रंग, वजन, लस टोचल्याची तारीख, लसीचे नाव, तिचा अनुक्रमांक आणि किती काळ वैध आहे, हे सारे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असावे लागते. आपल्याकडच्या लसीकरण पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरील चिकटपट्टी लावून पुढे सही केलेली असते. तेवढ्यावर न थांबता आम्ही डॉक्टरांकडून तोच मजकूर त्यांच्या लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्क्यासह घेतला. जातीच्या रकान्यात 'इंडियन परिया डॉग' असे लिहिले. आमच्या गटासाठी मायक्रोचिप (त्वचेखाली बसवायची, ओळख-क्रमांक असलेली बारीक चिप) सक्तीची नव्हती, तरीही आम्ही ती बसवून घेतली, कारण अनोळखी शहरात कुत्रे हरवले तर गळपट्ट्यापेक्षा चिपचाच भरवसा अधिक.

भारतातून बाहेर नेण्यासाठी केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुण्याच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते आणि ते प्रयाणाच्या अगदी आधीच्या दिवसांतच मिळते, त्यामुळे सामानाची बांधाबांध, निरोपाची जेवणे आणि हे काम एकाच आठवड्यात येऊन पडते. आधी वेळ ठरवून, पासपोर्टची प्रत, तिकीट, लसीकरणाचे कागद, स्थानिक पशुवैद्यांचा दाखला आणि भुरीची छायाचित्रे घेऊन आम्ही भर पावसात निघालो. अधिकाऱ्यांनी चिप वाचून क्रमांक जुळवला, तिला तपासले आणि दुपारनंतर कागद हाती आला. सरकारी शुल्क किरकोळ होते. खर्च झाला तो पिंजरा, विमानभाडे आणि मध्यस्थ कंपनी यांवर; तो सव्वादोन लाखांच्या घरात गेला.

सप्टेंबर महिना आम्ही मुद्दाम निवडला होता. कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत अनेक विमान कंपन्या जनावरे घेत नाहीत, शिवाय हिवाळ्यापूर्वी तिला नव्या हवेशी ओळख करून घ्यायला निदान दोन महिने मिळावेत, हाही हेतू होता. आता मागे वळून पाहताना वाटते की सर्व निर्णयांत हा सर्वांत मोलाचा ठरला. यजमानांच्या कंपनीला जानेवारीत रुजू झालेले चालले असते. तसे केले असते तर विमानतळाच्या दारातच उणे तीस समोर उभे राहिले असते. ज्यांच्या हातात तारीख निवडणे आहे त्यांनी ती कुत्र्याच्या सोयीने निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पिंजरा जूनपासूनच दिवाणखान्यात उघडा ठेवला होता आणि तिचे जेवण आतच वाढत होतो, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी ती स्वतः आत जाऊन बसली. गुंगीचे औषध देऊ नये, असे पुण्याच्या डॉक्टरांनी बजावले होते. फ्रँकफर्टमार्गे कॅल्गरीला उतरलो. सीमा अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, तिच्याकडे एक नजर टाकली आणि तीस-एक डॉलर तपासणी शुल्क घेऊन सोडले. इतक्या महिन्यांच्या धास्तीनंतर ते काम काही मिनिटांत आटोपल्याने मला उगाचच चुकल्यासारखे वाटले. तेथून तीनशे किलोमीटर मोटारीने एडमंटन.

घर भाड्याने घेताना कुत्रे आहे हे आधीच सांगावे. आम्हाला दरमहा पन्नास डॉलर जादा द्यावे लागले, पण तळमजल्यावरचे, मागे छोटे अंगण असलेले घर मिळाले. अंगणाचे महत्त्व जानेवारीत कळले. उणे पस्तीसमध्ये लिफ्टची वाट पाहणारे कुत्रे आणि दारातून चार पावलांवर मोकळे होऊन परतणारे कुत्रे, यांचे हिवाळे फार वेगळे असतात.

पहिल्याच महिन्यात एका पशुवैद्य बाईंकडे नाव नोंदवले. भारतातून आलेले कुत्रे म्हणून त्यांनी हार्टवर्म, म्हणजे हृदयात वाढणारे जंत, आणि गोचिडांपासून होणारे ताप यांसाठी रक्त तपासले; तपासणीसह बिल साडेतीनशे डॉलरच्या आसपास आले. या तपासण्यांचा थंडीशीही संबंध आहे, हे त्यांनी समजावून सांगितले: ज्याचे रक्त कमी आहे, सांधे दुखतात किंवा थायरॉइड मंद आहे, अशा कुत्र्याला थंडी अधिक बाधते. त्याच भेटीत मी नेमके किती तापमानाला काय करायचे ते विचारले. त्यांनी कोष्टक देण्याचे टाळले. आखूड केसांच्या कुत्रीला उणे दहाच्या पुढे कोट आणि बूट हवेत, उणे वीसच्या पुढे बाहेर जाणे केवळ नैसर्गिक विधीपुरते, एवढे त्यांनी सांगितले. बाकी वारा, ओल आणि कुत्रीचे वागणे पाहून ठरवा, म्हणाल्या. शहराचा कुत्र्याचा परवानाही त्याच आठवड्यात काढला. सहा महिन्यांहून मोठ्या कुत्र्याला तो बंधनकारक आहे आणि नसबंदी झालेली असल्यास शुल्क बरेच कमी पडते, म्हणून नसबंदीचा दाखला पुण्याहून आणायला विसरू नये.

मग सुरू झाली शिकवणी. थंडी पडल्यावर कुत्र्याला नवे काही शिकवता येत नाही, कारण तेव्हा ते आधीच घाबरलेले आणि गारठलेले असते. म्हणून कोट, बूट आणि घरातल्या घरात विधी उरकणे, या तिन्ही गोष्टी आम्ही ऑक्टोबरच्या सौम्य हवेत सुरू केल्या.

कोट घेताना गावठी कुत्र्याची अडचण लक्षात येते: छाती खोल, कंबर बारीक, पाय लांब. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि छातीचा घेर, ही दोन्ही मापे टेपने घेऊन आम्ही दुकानात गेलो, तरी तिसऱ्या नमुन्यावर जमले. वरून वारा आणि पाणी अडवणारे कापड, आतून लोकर, पोटाखाली रुंद पट्टा आणि मान झाकणारी उंच कॉलर, असा नव्वद डॉलरचा कोट घेतला. नुसता विणलेला स्वेटर घरात ठीक असतो; बाहेर तो बर्फाने ओला होतो आणि ओले कापड अंगावर असणे काहीच नसण्यापेक्षा वाईट.

बुटांसाठी पंजा कागदावर ठेवून, दुसरा पाय हलकेच उचलून, म्हणजे पूर्ण भार पडलेला असताना रेषा आखायची. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा रुंद असू शकतात, म्हणून चारही मोजावेत. फुग्यासारखे पातळ रबरी बूट मिठापासून वाचवतात, पण ऊब देत नाहीत. जाड तळव्याचे, आत अस्तर असलेले बूट ऊब देतात, पण सैल झाले की बर्फात हरवतात. आम्ही दोन्ही घेतले. पहिल्या दिवशी एकच बूट, तोही उकडलेल्या चिकनचे तुकडे देता देता, आणि लगेच काढला. चार बूट घालून उभी राहायला तिला दोन आठवडे लागले आणि त्यानंतरही काही दिवस ती चिखलात पाय टाकणाऱ्या बगळ्यासारखी एकेक पाय उंच उचलून चालत असे. शेजारच्या आजींची चांगलीच करमणूक झाली. विधीसाठी मागच्या दारातील बंदिस्त ओसरीत एक तबक ठेवून त्यात अंगणातील गवताचे तुकडे पसरले. पाच वर्षे घराबाहेरच जायचे शिकलेल्या कुत्रीला हे पटवणे सर्वांत अवघड गेले, आणि शेवटपर्यंत तिने ते नाइलाज म्हणूनच स्वीकारले.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला बर्फ पडला. भुरी दारात थबकली, नाक खाली नेले, शिंकली आणि घरात परतली. बर्फाखाली सगळे ओळखीचे वास गाडले जातात, त्यामुळे कुत्र्याला जागा सापडत नाही. हा प्रश्न थंडीचा नसून वासाचा असतो. अंगणाच्या एका कोपऱ्यात जमीन दिसेपर्यंत बर्फ उपसून तेथपर्यंत वाट काढून दिली की काम होते. दर हिमवृष्टीनंतर आपली मोटार मोकळी करण्याआधी हे करावे लागे. डिसेंबरमध्ये येथे सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि सव्वाचारला मावळतो, म्हणून कोटावर चकाकणारी पट्टी आणि गळपट्ट्यावर छोटा दिवा घेतला. नदीकाठच्या दरीत कोयोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, असतात, त्यामुळे अंधारात लांब पट्टा नको, हेही शेजाऱ्यांकडून कळले. गोठलेल्या नदीवर तर कुत्र्याला कधीच सोडू नये, कारण वाहत्या पाण्यावरचा बर्फ कोठे पातळ आहे ते दिसत नाही.

फुटपाथवर टाकलेल्या मिठाचा त्रास मला थंडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. बर्फ वितळवण्यासाठी वापरतात ते साधे मीठ पंजांच्या भेगांत शिरून झोंबते. कॅल्शियम क्लोराइड ओलाव्याशी मिसळले की उष्णता सोडते आणि त्वचा पोळू शकते. शिवाय कुत्रे पंजे चाटते, म्हणजे ते पोटातही जाते. फिरून आल्यावर दारातच कोमट पाण्याच्या भांड्यात चारही पंजे बुडवून, बोटांच्या मधल्या जागा कोरड्या पुसून, मग मेणाचे मलम, हा आमचा रोजचा क्रम झाला. स्वतःच्या घरासमोर आम्ही मीठ न टाकता वाळू पसरली; एडमंटन महापालिका ती वस्त्यावस्त्यांतील पेट्यांत मोफत ठेवते, आपली बादली तेवढी न्यायची.

दुसरा धोका मोटारीतील शीतकाचा, म्हणजे इंजिनाच्या कूलंटचा. इथिलीन ग्लायकॉल असलेले हे द्रव गोडसर असते आणि त्याचे थोडे प्रमाणही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकते. आधी कुत्रे दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाते, मग काही तास बरे वाटल्याचा भास होतो आणि तोपर्यंत उपचाराची वेळ निघून जाते. गॅरेजमध्ये किंवा वाहनतळावर हिरवट किंवा गुलाबी ओल दिसली तर कुत्र्याला दूर न्यावे, आणि चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी; ऊब शोधत मांजरे इंजिनाशी जाऊन बसतात.

त्या वर्षी डिसेंबर विलक्षण सौम्य गेला. नाताळात रस्ते कोरडे होते आणि आईला फोनवर मी "इतकं काही नसतं गं" असे सांगूनही टाकले होते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेकडून गारठा उतरला आणि पारा उणे चाळीसच्या आसपास जाऊन बसला. येथे गोठवणाऱ्या थंडीचा इशारा देताना वाऱ्याचा परिणाम धरलेले तापमान पाहतात. ते उणे चाळीसच्या खाली गेले की माणसाची उघडी त्वचा पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. भुरीच्या अंगावर कोट असला तरी कानांची टोके, शेपूट आणि पंजे उघडेच राहतात. पंजांतल्या धमन्या आणि शिरा एकमेकींना लगटून असल्याने परतणारे गार रक्त वाटेतच थोडे तापते, म्हणून कुत्र्यांचे पंजे आपल्या अनवाणी पावलांपेक्षा कितीतरी अधिक सोसतात; त्यालाही मर्यादा आहेच.

त्या दिवसांतला क्रम असा होता. पहाटेचे तबकात. दुपारी, दिवसातल्या त्यातल्या त्यात उबदार वेळी, कोट, मानेभोवती कान झाकणारी लोकरी नळी आणि अस्तराचे बूट घालून उपसलेल्या कोपऱ्यापर्यंत. मी घड्याळाऐवजी तिच्याकडे पाहत असे: एक पंजा उचलून धरला, पाठ कमानीसारखी झाली, मान दाराकडे वळली, की लगेच आत. कुडकुडणे ही पहिली खूण. मात्र कुडकुडणे थांबून कुत्रे सुस्त आणि अडखळते झाले, तर ते बरे झालेले नसून शरीराचे तापमान धोकादायकरीत्या उतरत असते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते; ते ३७च्या खाली गेल्यास ताबडतोब फोन करा, असे पशुवैद्य बाईंनी सांगितले होते आणि गुदद्वारात लावायचा तापमापक आम्ही त्यासाठीच आणून ठेवला होता. कानाचे टोक पांढुरके, गार आणि कडक लागले तर तो हिमदंश असू शकतो. तेथे चोळू नये, हेअर ड्रायर लावू नये, कोमट पाण्यात भिजवलेले फडके हलके धरून दवाखान्यात न्यावे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

शनिवारी, १३ जानेवारीच्या संध्याकाळी, आम्हा दोघांचे फोन एकदम कर्कश वाजले. प्रांताची विजेची मागणी पुरवठ्याच्या टोकाला पोहोचली होती आणि अनावश्यक वीज ताबडतोब बंद करण्याचे सरकारी आवाहन होते. घर गॅसच्या भट्टीने तापत असले तरी गरम हवा फिरवणारा पंखा विजेवरच चालतो, त्यामुळे वीज गेलीच तर काय, हा प्रश्न पहिल्यांदा खरा वाटला. दिवे मालवले, सर्वांत लहान खोलीत गाद्या ओढल्या, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला आणि आईने जुन्या साड्यांची शिवून दिलेली गोधडी भुरीच्या जमिनीपासून उचललेल्या खाटेवर घातली. लोकांनी प्रतिसाद दिल्याने काही मिनिटांतच मागणी उतरली आणि वीज टिकली. दोन दिवसांनी संक्रांत होती. तिळगूळ घरातल्या घरातच वाटला.

फेब्रुवारीत निराळ्याच तक्रारी सुरू झाल्या. भट्टीच्या हवेने घर इतके कोरडे होते की भुरीच्या अंगावर कोंडा दिसू लागला आणि हात लावताच ठिणगी उडू लागली. सत्तर डॉलरचा हवेत ओलावा सोडणारा पंखा आणि आंघोळींमधले अंतर वाढवणे, यांनी फरक पडला. आहाराबाबत आमच्या घरात मतभेद होते. थंडीत जास्त खायला घालावे, हा सासूबाईंचा सल्ला बाहेर राहणाऱ्या, बर्फात धावणाऱ्या कुत्र्यांना लागू पडतो. घरात झोपून काढणाऱ्या भुरीचे वजन मात्र दीड किलोने वाढले होते, म्हणून पशुवैद्य बाईंनी भात कमी करायला सांगितला. व्यायामासाठी टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून शोधायला लावणे हा तिला आवडलेला खेळ. मोटार बंद करून कुत्र्याला आत ठेवून दुकानात जाणे उन्हाळ्याप्रमाणे हिवाळ्यातही टाळावे. गाडी भराभर थंड होते. अल्बर्टाच्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार जनावराला बाधक थंडीपासून वाजवी संरक्षण देणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे.

एप्रिलमध्ये बर्फ उतरू लागला आणि अंगणाच्या त्या कोपऱ्यात पाच महिन्यांचे साचलेले सगळे एकदम वर आले. ते उचलायला एक अख्खा रविवार गेला, तेव्हा दर आठवड्याला उचलत राहणे बरे. कोट सौम्य साबणाने धुऊन, बुटांचे अस्तर उन्हात वाळवून ठेवले. पुढच्या दोन बुटांचे तळवे झिजले होते. नोव्हेंबरमध्ये मधल्या मापाचे बूट दुकानांत लवकर संपतात, हे एव्हाना कळले असल्याने नवा जोड ऑगस्टमध्येच मागवला आहे.